नुरजी काठावर राहिला

नंदुरबार स्टेशनवर पाय ठेवला आणि मला लागोपाठ सात-आठ शिंका आल्या. रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि वारा नेमका माझ्याच दिशेने होता. ट्रंक उचलणारा हमाल हसला. "नवीन दिखतस, बाई. दोन दिनमा सवय व्हई जाई."

मनमाडला एक गाडी, जळगावला दुसरी, असा आपल्या नगरहून तिथवरचा प्रवास. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-एक वर्षं आधीची, फाल्गुनातली ही गोष्ट. भगिनींनो, आपल्या महिला मंडळातून तुम्ही मला मोठ्या आनंदाने निरोप दिला होता, पण मी कशासाठी चालले होते हे तुम्हाला पुरतं सांगितलं नव्हतं. आज सांगते.

नंदुरबारच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना एक अनुभवी बाई हवी होती. खापरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर (वस्तीवर) नुरजी नावाचा भिल्ल शेतकरी राहत होता. नऊ वर्षांपासून तो प्रभूवर विश्वास ठेवून होता. दारू सोडली, गावच्या देवांची पूजा सोडली, उपासनेच्या झोपडीसाठी स्वतःचे सागवानी खांब दिले. पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, कारण त्याला दोन बायका होत्या. नियम असा की पहिली ठेवावी आणि दुसरीला वेगळं करावं. पंचांपैकी दानियल मास्तरांनी मला पत्र दिलं. दुसरीला नंदुरबारात मिशनच्या आवारात खोली मिळेल, दळणकांडणाचं काम मिळेल. "बाईमाणसाला बाईमाणूसच समजावू शकेल, रत्नाबाई," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. वैधव्यानंतर मी बऱ्याच बायकांना बरंच काही समजावलं होतं.

पुढची बैलगाडी करीमभाईंची. त्यांच्या कितीतरी पिढ्या नंदुरबारातच गेल्या होत्या. पांढरी दाढी, डोक्याला हिरवा रुमाल आणि बैलांशी माणसांपेक्षा जास्त बोलणं. हातोडा गावाजवळ तापी ओलांडताना नावेतून उतरवलेली माझी ट्रंक घसरून पाण्यात पडली. करीमभाई गुडघाभर पाण्यात उतरले. "घाबरू नका, बाई, आते निंघस." ट्रंक निघाली, पण पत्र भिजलं. गाडीच्या ताटीवर ते वाळत घातलं तेव्हा, खरं सांगते, अक्षरं फुटली असती तर बरं झालं असतं, असं मला क्षणभर वाटून गेलं. पण शाई चांगली होती.

तळोद्याच्या वाटेवर करीमभाईंनी विचारलं म्हणून मी कामाचं स्वरूप सांगितलं. त्यांनी कासरा सैल सोडला. मग म्हणाले, "आमनामा दोन बायका चालतस. पन दोन्हींले सारखं ठेवनं पडस. ते काय सोपं नई." पुढे कोस-दोन कोस ते फक्त बैलांशी बोलले.

तळोदा आणि अक्कलकुवा असे दोन मुक्काम करून तिसऱ्या दिवशी दुपारी खापरला पोचलो. बाजाराचा दिवस होता. मिठाचे ढीग, गुजरातेतून आलेलं कापड, मोहाची फुलं, बांबूच्या टोपल्या. डोंगरातल्या बायका गळ्यात चांदीच्या जाड हासळ्या घालून ऐटीत फिरत होत्या. त्या गर्दीतून एक काटकुळा, पन्नाशीचा माणूस पुढे आला. गुडघ्यावर धोतर आणि वर नुकतीच धुतलेली पांढरी पैरण.

"मी नुरजी," तो म्हणाला. "बाई, तुम्ही देवाचा निरोप आणला की पंचांचा?"

त्याची मराठी ऐकून मी चकित झाले. बाजारात तो अहिराणी बोलत होता, घरी भिल्ली बोलायचा. पण मराठी त्याने शुभवर्तमानातून शिकली होती, म्हणून ती छापील, जपून उच्चारलेली होती.

"पंचांचा," मी म्हटलं.

"मग जेवल्यावर सांगा. उपाशी पोटी तो कडू लागतो." आणि ट्रंक डोक्यावर घेऊन तो चालू लागला.

पाड्याची वाट चढणीची होती, म्हणून करीमभाई गाडी घेऊन खापरलाच थांबले. वाटेत एका मोठ्या झाडाखाली शेंदूर लावलेले दगड आणि मातीचे घोडे मांडलेले होते. शेजारी एक म्हातारा बसला होता. आम्हाला पाहताच त्याने तोंड फिरवलं.

"माझा काका," पुढे गेल्यावर नुरजी म्हणाला. "तिथला पुजारा आधी माझा बाप होता, मग मी. मी तिथून उठलो, त्या दिवसापासून काकानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मुलाच्या लग्नाला आला नाही. मला पाड्याच्या पंचात बसवत नाहीत."

"वाईट वाटतं?"

"काका वाईट माणूस नाही, बाई. त्याला वाटतं, मी देवांना उपाशी ठेवलं. आपल्या बापाला कुणी उपाशी ठेवलं तर तुम्हाला राग येणार नाही?"

मी त्याच्यामागे चढत राहिले. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेताना असंच काही भोगलं असेल. पण मला विश्वास जन्मतःच मिळाला होता, घराच्या भिंतींसारखा. त्यासाठी मी काय सोडलं, असं कुणी विचारलं असतं तर मला आठवून सांगावं लागलं असतं.

घर कुडाचं, शेणाने सारवलेलं. पहिली बायको सेगी, उंच, धिप्पाड, बोलकी. दुसरी होळी. होळीच्या दिवशी जन्मलेली म्हणून होळी. मी तरुण सवत मनात धरून आले होते. समोर आली ती नुरजीहून मोठी, केस पिकलेली, एका पायाने लंगडणारी बाई. ती नुरजीच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ कड्यावरचा मध काढताना पडून मेला, तेव्हा रीतीप्रमाणे धाकट्याने तिला आणि तिच्या तान्ह्या मुलीला घरात घेतलं. त्या मुलीचंही आता लग्न झालं होतं. होळीला माहेर उरलं नव्हतं.

ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि भाजलेली मिरची असं जेवण झालं. देवाचे आभार होळीनेच मानले, भिल्लीत. मला फक्त "याहा" (आई) आणि "येशू" एवढेच शब्द कळले. सेगी म्हणाली, सगळी गाणी हिलाच पाठ आहेत, आम्ही विसरलो की हीच सांगते.

मग नुरजी बैलांना पाणी पाजायला गेला आणि मी पत्र काढलं. होळीला फक्त भिल्ली येत होती. सेगीला बाजाराची अहिराणी येत होती. म्हणून मी बोलायचं, सेगीने होळीला सांगायचं आणि होळीचं उत्तर मला सांगायचं, असं ठरलं. असा दुभाषा कोणत्याही पंचाने नेमला नसता. मी खोलीचं सांगितलं, दळणाचं सांगितलं. तुम्ही वेगळ्या राहिलात तर नुरजीभाऊंना बाप्तिस्मा मिळेल, हेही सांगितलं. सेगीने खाली मान घालून एकेक वाक्य भिल्लीत सांगितलं. तिचा आवाज लहान होत गेला.

होळीने सगळं ऐकलं. जराही न रडता ती तीन-चार शब्द बोलली. मी सेगीकडे पाहिलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काहीच बोलनी नई."

"बोलल्या की आता!"

"मी हाई सांगनार नई," सेगी म्हणाली आणि पदर तोंडात धरून चुलीकडे वळली.

सांगायची गरज राहिली नाही. होळी उठली, लंगडत कोपऱ्यात गेली आणि दांडीवरचं लुगडं काढून घडी घालू लागली. एक लुगडं, एक गोधडी, एक पितळी वाटी. तिने गाठोडं बांधलं आणि माझ्या ट्रंकेशेजारी आणून ठेवलं.

सेगीने चुलीपासून एका ढांगेत येऊन ते गाठोडं सोडलं आणि सगळं जमिनीवर फेकलं. होळीने परत बांधलं. सेगीने परत सोडलं. मी इतक्या बायकांना समजावलं होतं, आणि त्या वेळी मला माझे हात कुठे ठेवावेत हेही कळेना.

नुरजी दारात येऊन उभा राहिला. गाठोडं पाहून त्याला सगळं कळलं. तो उंबऱ्यावर बसला आणि सावकाश, त्या छापील मराठीत माझ्याशी बोलला.

"बाई, पंचांना सांगा. दारू माझी होती, मी दिली. पुजाऱ्याची जागा माझी होती, दिली. काका माझा होता, तोही दिला. होळी माझी वस्तू नाही. ती मी कशी देऊ?"

"ती स्वतः निघाली आहे, भाऊ."

"म्हणूनच तर देणार नाही. मी आत जाण्यासाठी ती बाहेर पडणार असेल, तर मी आत जाऊन प्रभूला तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परतले.

नंदुरबारात पंच बसले. परदेशी पाद्रीसाहेब मध्यभागी. मी जे पाहिलं ते सांगितलं. दानियल मास्तर उठले. "शिष्य व्हायचं तर किंमत द्यावी लागते. हे आपण ठरवलेलं नाही."

"किंमत त्यांनी द्यायची की होळीबाईंनी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मास्तरांचा चेहरा उतरला. "रत्नाबाई, बाप्तिस्मा घेतला म्हणून मला माझ्या बापाच्या तिरडीला हात लावू दिला नाही. आई भिंतीआडून रडत होती. आज ह्याच्यासाठी नियम सैल केलात, तर मी तेव्हा बाहेर उभा राहिलो ते कशासाठी, तेही मला सांगा."

या माणसाला कठोर समजण्यात माझी चूक झाली होती.

शेवटी पाद्रीसाहेब बोलले. पुरुषाला परवानगी देता येणार नाही. पण रीतीने दिल्या-घेतलेल्या बायकांचा यात दोष नाही. त्या दोघी विश्वास ठेवत असतील आणि मागत असतील, तर त्यांचा बाप्तिस्मा होऊ शकतो. कुणाचंच घर मोडायला नको.

हा निर्णय घेऊन मी पुन्हा खापरची वाट धरली. या वेळी साहेब आणि दानियल मास्तरही बरोबर होते, आणि करीमभाई गाडी पाड्याखालच्या नदीपर्यंत घेऊन आले. घरात शिरून मी निर्णय सांगितला, तेव्हा सेगी उसळली. "त्यानीच आमले शिकाडं, आनि आम्ही त्यान्हा पुढे जाऊत?" तिच्याकडून कळल्यावर होळीनेही जोरात नकाराची मान हलवली.

नुरजी बाहेर गेला. बैलाच्या मानेवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून तो बराच वेळ उभा होता. परत आला तेव्हा त्याने आधी दोघींना भिल्लीत सांगितलं, मग मला मराठीत. "मी म्हणालो, जा. घरातल्या दोघी आत गेल्या, तर माझं घर आत गेलं. मी काही लांब नाही, काठावरच आहे." आवाज स्थिर होता. हात त्याने पैरणीखाली घेतले.

पाड्याखालच्या नदीत गुडघाभर पाणी होतं. साहेब पाण्यात उतरले. सेगीने होळीचा दंड धरला, लंगड्या पायाला खालचे गोटे टोचत होते म्हणून. नुरजी दोघींची कोरडी लुगडी छातीशी धरून काठावर उभा होता. होळीच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. ती त्याच्याकडेच पाहत होती. नुरजी हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दानियल मास्तर एकदम मागे वळले आणि उपरण्याने तोंड पुसू लागले.

मग नदीकाठच्या एका झाडाखाली प्रभुभोजनाची तयारी झाली. चादर पसरली, भाकर ठेवली. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांनीच बसायचं, म्हणजे आता नुरजीला बाजूला बसायला सांगावं लागणार, ते कुणी सांगायचं, म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. कुणी काही बोलायच्या आत तो उठला आणि बैल सोडायला करीमभाईंकडे गेला. दोघे मिळून बैलांना पाणी दाखवत राहिले.

परतीच्या वाटेवर करीमभाईंनी मला विचारलं, "या मानूसले काय भेटनं, बाई?"

तळोदा येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते.

घरी आले. भगिनींनो, त्या बुधवारी तुम्ही सगळ्या जमला होतात. मी हे अर्धंमुर्धं सांगितलं, तुमच्यातल्या काहीजणी रडल्या. मग आपल्या चिटणीसबाईंनी प्रार्थनेची वही उघडली. तुम्हाला ठाऊकच आहे, तिच्या एका पानावर मंडळीतल्या बंधुभगिनींची नावं असतात आणि दुसऱ्यावर अजून बाहेर असलेल्यांची. सेगी आणि होळी ही नावं पहिल्या पानावर गेली. मग लेखणी थांबली.

"आणि ह्यांचं? बाहेरच्या पानावर ना?"

इतकी वर्षं मी सभांमधून सर्वस्व देण्याबद्दल बोलत आले. बोलताना माझं कधी काही गेलं नाही. ज्याचं सगळं गेलं होतं त्याला आम्ही काठावर ठेवलं होतं, आणि तो तिथे कुणावरही न रागावता उभा होता. नियम चूक की बरोबर, हे ठरवायची माझी योग्यता नाही. दानियल मास्तरांच्या आईचं रडणंही मला विसरता येत नाही. पण मी त्या नदीवर होते, आणि चिटणीसबाई नव्हत्या.

मी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर, होळीच्या खाली, नुरजी असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. पंचांना खोडायचं असेल तर खोडू देत, त्यांचा तो अधिकार आहे. शाई वाळेपर्यंत मी वही मिटली नाही.