पानांवर जमणारं पन्हं

टिनाच्या एका खोलीत आमचं अख्खं घर होतं. उन्हाळ्यात टिन असं तापायचं, की पुस्तक उघडलं की पानावर घाम टपकायचा. माय-बाबा दुसऱ्याच्या वावरात मजुरीला, आणि थंड म्हणजे माठातलं पाणी, तेही दुपारी कोमट. अशात मला मावशी लाभली. घड्याळाला खोटं आणि पुस्तकाला खरं मानणारी अशी बाई सगळ्या राळेगाव तालुक्यात दुसरी नसेल.

दोन गल्ल्या सोडून तिचं घर. तिच्याकडे एक जुना फ्रिज होता, दार सुतळीनं बांधलेलं. त्यात ती पसरट डब्यात कैरीचं पन्हं ठेवायची. जरा गोठलं की चमच्यानं खरवडायचं, परत ठेवायचं, परत खरवडायचं, तेव्हा कुठं ते भुरभुरीत व्हायचं. खरवडायची वेळ मात्र ती माझ्या पानांवर ठरवायची. मी फ्रिजला टेकून बी.ए.चा अभ्यास करायची. "दोन पानं झाली का वं पोरी? मंग काढ डबा." इतिहासाची पानं भरभर उलटायची, तेव्हा डब्यात नुसतं पाणी. अर्थशास्त्र घेतलं की पन्ह्याचा दगड. तो बत्त्यानं फोडत मावशी म्हणायची, "हे पुस्तक लिवणाऱ्यानं कधी पन्हं केलं नसन." लाईन गेली की मला पुस्तक मिटायला लावायची. "पुस्तक पुढं गेलं अन् बर्फ मांगं राह्यला, त चव बिघडते."

वाढण्याचीही तिची रीत होती. उन्हातून आलेल्याला घाम सुकल्याशिवाय गिलास नाही. ती समोर बसून त्याचं कपाळ निरखायची. तोवर पन्हं वितळायचं, परत फ्रिजमध्ये जायचं, आणि मला परत वाचावं लागायचं.

शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर, बाबांनी माझ्या सोयरिकीचे पाहुणे मावशीकडंच आणले. जमलं असतं तर परीक्षा राहिली असती. मावशीनं पाहुण्यांना पंख्याखाली बसवलं आणि मला फ्रिजजवळ. हातात अर्थशास्त्र दिलं. बराच वेळ गेला. मुलाचे वडील म्हणाले, "बाई, पोरीले बोलवा न इकडं."

"ते उठली त पन्हं जमत नाही."

"मंग बिनाबर्फाचं द्या."

"असं कसं? पयल्यांदा आले तुमी."

"अजून किती वाचते ते?"

"पुस्तक सरलं की परीक्षा, परीक्षा सरली की निकाल. बसा न, कायची घाई हाये?"

पाहुणे पन्हं पिऊन, तारीफ करून गेले ते परत आले नाहीत. बाबा लाल होऊन उठले. मावशीनं त्यांचं कपाळ पाहिलं. "भाऊजी, तुमचा घाम सुकला नाही अजून. बसा." बाबा बसले. गिलास रिकामा करून उठले, आणि नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आता माझ्या घरी मोठा फ्रिज आहे. मोबाइलवर वेळ लावून पन्हं ठेवते, तसं जमत नाही. मग पुस्तक घेऊन फ्रिजला टेकते. मावशीच्या दातांना आता थंड सोसत नाही. ती गिलास नुसता गालाला लावून बसते आणि विचारते, "कितव्या पानाचं हाये?"

पाहुणे येऊन गेले, त्याच वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.