खत बघायला माहेरी

मे महिन्याच्या सुटीत लोक उटीला जातात, महाबळेश्वरला जातात. मी यंदा शेणखत बघायला गेले. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा सगळ्याजणी आधी हसल्या आणि मग एकीनं हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" सगळं ठीक आहे. मी गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याची, पोवाराची पोरगी. लग्नानंतर नागपुरात आले आणि गेली वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. या ब्लॉगवर आमच्याकडचे तलाव लिहून झाले, पक्षी लिहून झाले, धबधबा लिहून झाला, तरी तुमचा प्रश्न येतोच की गोंदियात अजून बघण्यासारखं काय आहे. तर घ्या, यंदा ज्या मातीतून तुमच्या ताटातला तांदूळ येतो ती दाखवते.

जायचं ठरलं ते मात्र शकुनवहिनीच्या फोनमुळे. ही माझ्या थोरल्या भावाची, हिरालालभाऊची बायको. फोनवर फालतू एक शब्द बोलत नाही.

"बाई, गुरुवारी भट्टीवाला येऊन राहिला," ती म्हणाली. "टेकराच्या बांधीची माती त्याले द्याचं ठरवलं तुमच्या भावानं. तुम्ही या. तुमचं आयकतील."

टेकराची बांधी म्हणजे आमच्या शेतातला सगळ्यात उंचावरचा धानाचा तुकडा. तिथे कालव्याचं पाणी चढत नाही. वर्षानुवर्षं नुसत्या युरियाच्या पोत्यांवर पिकवल्यानं माती इतकी टणक झाली होती की उन्हाळ्यात कुदळ मारली तर खणकन वाजायची. भावाचं म्हणणं सरळ होतं: वरची दोन हात माती वीटभट्टीला दिली की बांधी खाली बसेल आणि पाणी आपोआप शिरेल. आमच्याकडे बरेचजण असंच करतात. पण वरची कसदार माती एकदा गेली की पुढे कित्येक वर्षं तिथे धड धान येत नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं.

वहिनीनं तीन वर्षांपूर्वी भावाकडून तीन हंगाम मागून घेतले होते. एकही पोतं न टाकता, नुसत्या घरच्या खतावर ती ही बांधी सुधारून दाखवणार होती. तिसरा हंगाम यंदा संपला. पहिलं साल सोडलं तर धान थोडं थोडं वाढत गेलं होतं, पण भावाचं एकच पालुपद, "पाऊस बरा होता."

मंगळवारी सकाळची गाडी पकडून गोंदियाला उतरले. साधारण अडीच तास लागतात, आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळचीच गाडी घ्या, दुपारी डबा नुसता भाजतो. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पोहेवाल्याला मी मराठीत विचारलं, त्यानं हिंदीत उत्तर दिलं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गोंदिया शहर तसंच आहे. कामठ्याला ऑटो मिळतात, पण भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. (घरी आम्ही पोवारीच बोलतो. तुम्हाला कळावं म्हणून इथे झाडीबोलीत लिहिते आहे.)

"काऊन आली ते मालूम आहे मले," त्यानं पिशवी हातात घेतानाच सांगितलं.

"आंबे खाले आली."

"आंबे नाई लागले औंदा," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

घरी हातपाय धुतले, वहिनीच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ले आणि परसात गेले. गोठ्यामागे कंबरभर खोल खड्डा. वहिनी रोज सकाळी शेण टाकते, त्यावर गुरांच्या मुताने भिजलेली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा. मग चुलीची राख, पळसाचा पाला. थर हातभर झाला की वर तलावातला काळा गाळ लिंपते, आपण भिंत लिंपतो तशी, कारण उघडं राहिलं तर ऊन सगळा कस ओढून घेतं. मी वीस वर्षं पोरांना फळ्यावर ह्यूमसची आकृती काढून देते आहे. त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिले आणि मला स्वतःचीच जरा लाज वाटली.

भावाशी बोलायला मी लगेच पदर खोचला होता, पण वहिनीनं अडवलं. "आज नका बोलू. उद्या देवरीकडे चला, माझ्या बाबाकडे. आधी पाहून घ्या, मंग बोला." नणंदेला गप्प बसवायची ही रीत मला आवडली.

बुधवारी एसटीनं निघालो. वाटेत गोरेगावला बस बराच वेळ थांबली, तेवढ्यात आम्ही गरम भजी घेतली आणि दोघींनी एकाच कागदातून खाल्ली. पुढे जंगल लागतं. मे महिन्यात सागाची पानं झडलेली असतात, सावलीची फार आशा ठेवू नका. दुपट्टा आणि पाण्याची बाटली हवीच, आणि परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

वहिनीचे बाबा सत्तरीच्या पुढचे, ताठ, कमी बोलणारे असतील असं मला वाटलं होतं. कसले कमी बोलणारे. आम्ही पाणी पिईपर्यंत त्यांनी लेकीची चेष्टा सुरू केली.

"इनं सांगितलं का तुमाले, पयल्या साली काय केलं ते?"

"बाबा, जाऊ द्या ना."

"काऊन जाऊ देऊ? घाई झाली होती इले. कच्चं खात नेऊन टाकलं बांधीत. उधई लागली, गवत मातलं, अख्खं गाव हासलं."

(खात म्हणजे खत, उधई म्हणजे वाळवी.) वहिनी खाली मान घालून हसत होती. आमच्याकडची ही ठरलेली चूक. अक्षयतृतीया झाली की खताचे गाडे बांधीत न्यायचे, ही पद्धत. पण शेजाऱ्याचा गाडा निघाला की आपल्याला राहवत नाही, खत पिकलेलं असो नसो. मग ते लहान लहान ढीग महिनाभर उन्हात उघडे पडतात ते वेगळंच.

बाबांनी मला खड्ड्याशी नेलं आणि मूठभर खत हातात ठेवलं. "दाबा. आता बोटाचा वास घ्या. शेनाचा वास आला तं कच्चं." मी वास घेतला. शेणाचा मागमूस नाही, नांगरलेल्या रानाचा ओला वास. त्यांच्या बांधीच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, गिरिपुष्पाची झाडं ओळीनं लावलेली. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या आधी हा पाला कापून चिखलात तुडवायचा. आणि धान कापायच्या आधी उभ्या पिकातच लाखोरी फेकून द्यायची, ती हिवाळ्यात आयती उगवते, डाळही देते आणि जमिनीलाही पोसते. "जमिनीनं दिलं तं तिले वापस द्या लागते," बाबा म्हणाले. "पोतं देल्ल्यानं धान खाते, माती उपाशी राहते." वहिनी हे सगळं लहानपणापासून ऐकत आली होती आणि सासरी आल्यावर वीस-बावीस वर्षं कोणी तिला विचारलंच नव्हतं. त्या कोणीमध्ये मीही आले.

गुरुवारी दहा वाजता भट्टीवाला शेतावर आला. गोंदियाचा माणूस, पांढरी टोपी, बोलायला मऊ. मी तयारीनिशी उभी होते. सेंद्रिय कर्ब, सूक्ष्मजीव, जलधारण क्षमता, सगळं दहावीच्या वर्गासारखं सांगितलं. भावानं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" त्यानं विचारलं. "आता शेठले काम करू दे."

वहिनी धुऱ्यावर उभी होती. तिचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता. त्या क्षणी मला भावाचा इतका राग आला की उठून नागपूरची गाडी धरावी असं वाटलं.

भट्टीवाल्यानं कुदळ मागितली. बांधीच्या मध्यावर मारली, तर ती वीतभर आत गेली. भावानं ते पाहिलं. भट्टीवाल्यानं माती उचलली, बाटलीतलं पाणी घालून मळली आणि लाडवाएवढा गोळा केला. दाबल्यावर गोळ्याच्या कडा फाटल्या. त्यानं दुसरा केला, तोही फाटला. मग तो खालच्या बांधीत उतरला, तिथली माती मळली. तो गोळा गुळगुळीत, पितळी लोट्यासारखा झाला. तो परत वर आला, आमची माती बोटांनी चुरगाळली, त्यातली कुजलेल्या तणसाची काडी काढून भावाला दाखवली.

"भाऊ, ये मिट्टी मेरे काम की नहीं. ईंट भट्टी में जाके फट जाएगी. इसमें तो खाद ही खाद है." आणि हसत म्हणाला, "खेती करो इसमें. मेरे को नीचे वाली दे दो."

भावानं खाली बसून दोन्ही बांध्यांची माती दोन हातांत घेतली आणि बोटांनी चुरून पाहिली. मग भट्टीवाल्याला सांगितलं, "नहीं देना शेठ. कोई भी नहीं देना." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. तीन वर्षं नवऱ्याला जे पटलं नाही ते विटा करणाऱ्या माणसानं दोन गोळ्यांत सांगून टाकलं. माझं सगळं भाषण फुकट गेलं आणि त्याचं मला तिळभरही वाईट वाटलं नाही.

शुक्रवारी परत निघाले. वहिनीनं पायलीभर तांदूळ आणि पिशवीभर खत बांधून दिलं. गाडीत समोरच्या बाईनं विचारलं, पिशवीत काय आहे. मी म्हटलं, माहेरचं खत. तिनं पाय थोडे बाजूला घेतले. मग मी तिच्यापुढे पिशवी उघडून धरली, वास घ्या म्हटलं. तिनं घेतला, आणि तुमसर येईपर्यंत आम्ही तिच्या माहेरच्या गोठ्याबद्दल बोलत होतो. मी पुष्कळ ठिकाणं पाहिली, पुष्कळ फोटो काढले, पण माझ्या माणसांचा इतका अभिमान मला आजवर कुठल्याही सहलीत वाटला नव्हता. हे मी वहिनीला तोंडावर सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आठ दिवसांनी भावाचा फोन आला. तो स्वतःहून कधी फोन करत नाही, राखीचा फोनही वहिनीच लावून देते. जेवण झालं का, ऊन किती आहे, असं सगळं विचारून झालं आणि मग म्हणाला, "खालच्या चार बांध्या आहेत ना, त्याले किती गाडे खात लागन? तू विज्ञानवाली आहेस. सांग."

"मले कायले विचारून राहिला?" मी म्हटलं. "जिनं केलं ती तुझ्याच घरात आहे."

फोन तसाच चालू होता. चपलांचा आवाज आला, गोठ्याचं दार करकरलं, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात जो माणूस बायकोला चारचौघांत नावानं हाक मारत नाही, त्याचा आवाज आला, "शकुन, मले जरा शिकव ना वो."

"फावडं घ्या," वहिनी म्हणाली, "आन या इकडं."