कोणाच्याच कानात नव्हती ती नळी

भूतबित मी कधी मानलं नाही. सालेकशाच्या जंगलात मोहफुलं वेचत मोठा झालो, रात्रीबेरात्री फिरलो, कधी काही दिसलं नाही. मी आठवीतच शाळा सोडली, आता पुण्याकडे कंपनीत आहे. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या... तुम्ही वाचताय हेच खूप आहे.

माझी जान्हवी साडेतीन महिन्यांची होती. थाळी पडली तरी दचकत नव्हती. सुट्टी काढून गावी गेलो, गोंदियाला कानाच्या तपासणीला नेलं. तिथल्या मॅडमनी नीट समजावलं – कानात बारीक नळी ठेवून टिकटिक सोडतात. चांगला कान आतून स्वतःचा हलका आवाज परत देतो, मशीन तो पकडते. आवाज आला तर ‘पास’, नाही तर ‘रेफर’.

मॅडमनी आधी कानात बघितलं अन् भडकल्या. “कान में तेल किसने डाला?”

“मीच टाकते, टोरीचं,” माय म्हणाली. आमच्याकडे टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल लेकरांच्या कानात सोडतातच. “याच्याही कानात टाकत होती. बायकोचं तर बरोबर ऐकून राहिला!”

बायको, सरिता, हसली. मीही हसलो. वाटलं, तेलामुळेच असेल. कान साफ करून आठ दिवसांनी बोलावलं.

आठ दिवसांनी दोन्ही कान रेफर. पोरगी झोपेतून उठून रडायला लागली, सरिता तिला पाजायला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली, मायही गेली. खोलीत मी अन् मॅडम. नळी ट्रेमध्ये पडलेली. मॅडम रजिस्टर लिहीत होत्या...

मशीन वाजली. निकालाची कागदी पट्टी निघाली. जान्हवीचं नाव – उजवा कान – पास.

“मॅडम, पोरगी तर बाहेर आहे!”

त्यांनी बटण दाबून बघितलं. नळी कानात नसली तर मशीन टेस्ट सुरूच करत नाही, नुसती एरर देते. तेच झालं. मग नळी स्वतःच्या कानात घातली, माझ्या कानात घातली. दोघंही पास, पण पट्टीवर कानाच्या आवाजाची जी रेघ उमटते ती प्रत्येकाची वेगळी असते म्हणाल्या. पट्टीवरची रेघ आमच्या दोघांचीही नव्हती. जान्हवीला परत आणलं – रेफर.

नागपूरला स्कॅन झाला. आतला कान बनलेलाच नाही, नसही नाही. ऑपरेशनचाही उपयोग नाही म्हणाले.

मॅडमचे उपकार, त्यांनी मला येड्यात काढलं नाही. पट्टी फाडली नाही, माझ्या हातात दिली. हळू आवाजात म्हणाल्या, “भैया, किसी का तो कान है ये.”

कोणाचा? मशीनवाल्या इंजिनिअरलाही सांगता आलं नाही.

आता रोज जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करतो. जान्हवी माझे ओठ हलताना बघते अन् हसते. मी बोलत राहतो. तिला काही ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे... पण त्या दिवशी तिच्या नावावर कोण ऐकत होतं, अन् अजून ऐकतं का, हे मला आजवर समजलं नाही.