कानबाईचा रांजण

तुम्ही दोघांनी विचारलं आहे की, आजी, तुमच्या काळी घरखर्च कसा वाचवत होतात, चार युक्त्या आम्हालाही सांग. युक्त्या मला पुष्कळ येतात. अडचण एवढीच आहे की त्या सगळ्या मी करून पाहिलेल्या आहेत. म्हणून आधी एक हकीकत वाचा आणि मग युक्त्या हव्यात की नकोत ते ठरवा.

मी लग्न होऊन तापीकाठच्या आपल्या गावी आले ती मॅट्रिक होऊन. घरात काळी जमीन, कापूस, भुईमूग, ज्वारी. बोलणं सगळं अहिराणी. माझं मराठी पुस्तकी होतं आणि इंग्रजी त्याहून पुस्तकी. तुमचे आजोबा धुळ्याला नोकरीला असायचे, दिवाळी-दसऱ्याला यायचे. घरात सासूबाई, सासरे म्हणजे मामंजी, मी आणि चौदा वर्षांची धाकटी नणंद. माझ्या ट्रंकेत शाळेत बक्षीस मिळालेलं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, घर कसं चालवावं या विषयावरचं. ते विलायतेतल्या गृहिणींसाठी लिहिलेलं होतं. शेगडीतला कोळसा पुरवून कसा वापरावा, लोण्याचा उरलेला तुकडा कसा झाकावा, असलं त्यात होतं. आमच्याकडे कोळसा नव्हता, आणि लोणी उरलं तर सासूबाई त्याचं तूप कढवत. तरीही मी ते पुस्तक पोथीसारखं वाचत असे.

नणंदेला सातवीच्या परीक्षेला बसायचं होतं. तिला तेव्हा फायनल म्हणत. ती झाली की मास्तरीण होता येई. गावात शाळा पाचवीपर्यंतच. पुढे शहाद्याला आत्याकडे राहून शिकावं लागणार, म्हणजे फी, पुस्तकं, आत्याकडे पोहोचवायचं धान्य. मामंजींना शिक्षणाचं वावडं नव्हतं, खर्चाचं होतं. उन्हाळ्यात एके संध्याकाळी ओट्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनी निकाल दिला.

“घरखर्चमातून निंघनं ते जाऊ दे पोरले शाळामा. नही निंघनं ते तुळशीना लगीननंतर हिनंबी लगीन.”

म्हणजे शाळेचा पैसा घरखर्चातून वाचला तर शाळा, नाहीतर लग्न. नणंद दाराआडून ऐकत होती. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी खजिनाच घेऊन सासरी आले आहे. मी तिला म्हटलं, “काळजी करू नकोस, मी काढते घरखर्चातून.”

आणि मी कामाला लागले. आगकाडी ब्लेडने उभी चिरून एकीच्या दोन केल्या. त्यात बोट कापलं, आणि त्यावर बांधायला सासूबाईंनी एक चांगलं धोतर फाडलं. साबणाच्या चिपा गोळा करून त्यांची वडी थापली. ती कपड्याला लागे, पण मग कपड्यापासून सुटत नसे. सगळ्यात मोठी बचत रॉकेलची. नणंदेच्या शाळेसाठी रॉकेल वाचावं म्हणून मी कंदिलाची वात इतकी खाली करत असे, की तिला त्या उजेडात अक्षर दिसेना. बिचारी चुलीपुढे बसून अभ्यास करायची. सासूबाई म्हणत, “करी ऱ्हायनी वऊ काटकसर. करू द्या.” त्यांच्या बोलण्यात कौतुक असतं असं मी तेव्हा धरून चालले होते.

श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे कानबाई देवी बसते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिच्या रोटाचे नियम तुम्हाला कोणी सांगितले नसतील. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू आधी वेगळे काढतात. ते जात्यावर दळून त्याचे रोट करतात. हा प्रसाद फक्त आपल्या कुळातल्या भाऊबंदांनी खायचा. परक्या कुळाच्या माणसाला त्यातला घासही चालत नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. आणि पौर्णिमेच्या आत तो संपलाच पाहिजे, एक कणही मागे राहता कामा नये.

हे सगळं मला त्या वर्षी कळलं, पण उशिरा.

माझ्या पुस्तकाचा एक आवडता नियम असा होता की, घरात अर्धवट भरलेलं एकही भांडं ठेवू नये. थोडं थोडं इकडे तिकडे ठेवलं की त्यातलं निम्मं वाया जातं. सणाच्या आधी मी कोठाराची आवराआवर काढली. कोनाड्यात, फडताळात सासूबाईंच्या इवल्या इवल्या पुरचुंड्या. मुगाच्या मुगात गेल्या, तिळाच्या तिळात. एका पांढऱ्या फडक्यात थोडे धुऊन वाळवलेले गहू होते. ते मी गव्हाच्या रांजणात ओतले, वरून हात फिरवून सारखे केले आणि फडकं धुऊन वाळत घातलं. घरचा वर्षाचा सगळा गहू त्याच रांजणात होता. रोजच्या जेवणात भाकरी, गहू फक्त सणाला आणि पाहुण्याला. आवरून झाल्यावर मी कोठाराच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होते. इतकं सुंदर कोठार मी त्यानंतर पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी जात्यापाशी बसून सासूबाईंनी हाक मारली, “वऊ, मन्ही गहूनी पुरचुंडी कोठे शे?”

“रांजणात ओतली, आई.”

“कोन्ता रांजनमा?”

“गव्हाच्याच,” मी जरा अभिमानाने म्हटलं. निदान गव्हात गहू तरी मिसळले होते.

सासूबाईंनी जात्याचा खुंटा सोडला. मग म्हणाल्या, “आते बठ्ठा रांजन कानबाईना व्हयना.”

मी त्यांना समजावायला लागले. तेवढेच गहू मोजून परत काढू, मूठ कमी नको, मूठ जास्त नको. गव्हावर काय नाव लिहिलेलं असतं, कोण ओळखणार?

“तुले वळखू नही येतस,” सासूबाई म्हणाल्या, “तिले येतस.”

मामंजी आले, भाऊबंदांतली दोन वडीलधारी माणसं आली. रांजणात डोकावून सगळ्यांनी माना हलवल्या. विचारविनिमय झाला आणि सासूबाईंचंच खरं ठरलं. रांजण देवीचा. म्हणजे वर्षाचा गहू पौर्णिमेच्या आत संपवायचा, आणि तोही भाऊबंदांतच.

त्या आठवड्याची आठवण काढली की अजून माझे खांदे दुखतात. पहाटेपासून जातं. मी, नणंद, भाऊबंदांतल्या दोन जावा, पाळीपाळीनं. रविवारी कानबाई बसली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी ती नदीवर गेलीसुद्धा, पण रांजण निम्माही झाला नव्हता. सकाळी रोट, दुपारी रोट, संध्याकाळी रोट आणि खीर. आमची गल्ली सगळी भाऊबंदांची, ती उठून आमच्या घरी जेवायला यायला लागली. बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोन चुलत भाऊ एका पंगतीला बसले. म्हातारी माणसं मला बोलावून आशीर्वाद देत. “वऊ शिकेल शे, पन हात मोठा शे हो तिन्हा!” काटकसर करायला निघालेल्या बाईला याहून टोचणारं कोणी काही बोललं नसेल.

नणंद मात्र दळता दळता हिशेब करायला लागली होती. एकदा म्हणाली, “वहिनी, आता दिवाळीला गहू विकत आणावे लागतील ना?”

“हो.”

“म्हणजे घरखर्चातून काही निघणार नाही.”

मी जात्यात मूठ टाकली.

पुढचा सोमवार उजाडला. पौर्णिमा दोन दिवसांवर होती आणि रांजणाचा तळ दिसायला लागला होता. संध्याकाळी दारात एक छकडा थांबला. शहाद्याकडचं एक मातबर घर, मुलाची आई आणि मुलाचा मामा. श्रावणी सोमवारी तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला आले होते, जाता जाता सहज टेकले म्हणाले. चातुर्मासात मुलगी बघायला येत नाहीत, म्हणून असं सहज टेकायचं असतं. मामंजींनीच मागे कधीतरी शब्द टाकून ठेवला होता. माणसं दिवसभर उपाशी. सोमवार आमच्या घरी सुटणार.

आणि घरभर तुपात तळलेल्या रोटांचा घमघमाट.

आत आमची कुजबुज सुरू झाली. घरात गहू होता तो देवीचा. पाहुणे परक्या कुळाचे. शेजारून पीठ आणावं म्हटलं तर मामंजी दबक्या आवाजात कडाडले, “सोयराले मांगेल पीठनी पोळी? बठ्ठं गाव हासई!” शिवाय जातं, परात, खापराचा तवा सगळं रोटाच्या पिठात माखलेलं. ते धुऊन वाळेपर्यंत पाहुण्यांचा सोमवार मंगळवारात गेला असता. सासूबाईंनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “वऊ, वाढ तुन्ही काटकसर ताटमा.”

मी वाढली. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, भात, दही. शेवटी घाबरून दह्यावर साखर जरा जास्तच घातली.

मुलाची आई ताटाकडे बघत राहिली. मग सासूबाईंना म्हणाली, “वास ते रोटना ई ऱ्हायना, बाई.”

“रोट शेत. पन आम्हना कुळना. तुम्हले कसा वाढू?”

“ते मालेबी समजस. मन्हा घरबी कानबाई बसस. पन तुम्हना घरमा दुसरा गहूच नही का?”

सासूबाईंनी दह्याची वाटी पुढे सरकवली. मामंजी ओट्यावरून आढ्याकडे बघत होते. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेली नणंद, मान खाली, आवाज अगदी मऊ, म्हणाली, “गहू रांजनभर व्हता, मावशी. वहिनीनी काटकसर करी. तिन्हाजोडे इंग्रजी पुस्तक शे ना, त्यामा लिखेल शे.”

आणि तिने सगळं सांगितलं. पुरचुंडी, रांजण, गल्लीची पंगत, काही गाळलं नाही. आगकाड्या चिरल्या होत्या तेही सांगितलं, कोणी विचारलं नसताना. मी चुलीपाशी लाकूड सारखं करत बसले, कारण तोंड लपवायला तेवढीच जागा होती. शेवटी ती भाकरी ताटात ठेवून म्हणाली, “मीबी तेच पुस्तक वाची ऱ्हायनी.”

ती खोटं बोलली नव्हती. दुपारी मी तिला त्यातली पानं वाचून दाखवत असे. कोळशाच्या प्रकरणापर्यंत आलो होतो.

मुलाच्या आईचा घास हातातच राहिला. तिने भावाकडे पाहिलं. “एक शिकेल वऊनी वरीसना गहू आठ दिनमा संपाडा,” ती हळूच म्हणाली, पण हळू म्हणायची तिला सवय नसावी. “नि हाई तिन्हा हातखाले शिकी ऱ्हायनी!”

जेवून, पान खाऊन, गोड बोलून ते गेले. पुढे चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी मागितलीच नव्हती.

हकीकत मात्र त्या छकड्यात बसून गावोगाव गेली. त्या हंगामात आमच्याकडे एकही स्थळ आलं नाही. तुळशीचं लग्न झालं, नणंदेचं राहिलं. मी आता मामंजींच्या समोर जायचं टाळायला लागले. वर्षाचा गहू गेला, सोयरीक गेली, आणि दोन्ही माझ्याच हातून. एके सकाळी त्यांनीच हाक मारली. सुपारी कातरत होते.

“वऊ, लगीनना खर्च वाची गया.”

“हो, मामंजी.”

“बठ्ठा लगीनना खर्च.” अडकित्ता थांबला. “म्हंजे घरखर्चमातूनच निंघनं म्हनानं.”

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. नणंदेच्या हातातली कळशी होती. चेपलेल्या कळशीसाठी सासूबाई तिला ओरडल्या, पण नेहमीपेक्षा बऱ्याच कमी. आठवड्याने ती शहाद्याला गेली. कंदील तिच्याबरोबर दिला आणि मी वातीला हात लावला नाही.

फायनल झाली. पुढे खांडबाऱ्याला मास्तरीण म्हणून लागली. पहिल्या पगारानंतर श्रावणात घरी आली ती रेल्वेने आणि मग बैलगाडीने, बरोबर एक पोतं गहू आणि एक पितळी डबा. डब्याला कडी, कडीला कुलूप. डबा कानबाईच्या गव्हासाठी. मी आपला सहज हात पुढे केला, घरच्या किल्ल्या तोपर्यंत माझ्याकडे आल्या होत्या. ती हसली आणि माझा हात ओलांडून किल्ली सासूबाईंना दिली.

सासूबाईंनी ती कमरेला खोचली. “कानबाईनी रांजन उगाच नही मांगा व्हता,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून घरात असं ठरून गेलं की शाळा देवीने दिली आणि गहू मी घालवला. मी हे मान्य केलेलं आहे.

तर आता युक्त्या. पहिली अशी की, आगकाडी चिरू नका.