ब्लँक फाइलमधला ‘सहा’

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. फौजेत नोकरी काढली, स्मशानाला लागून तंबू ठोकले, आणि तिथे डासांशिवाय कुणीही त्रास दिला नाही. आमच्या भोपाळच्या मंडळाच्या अंकात लोक पांढऱ्या साडीच्या गोष्टी लिहितात, त्यांची सगळ्यांत जास्त टिंगल मीच करतो. तेव्हा ‘आता तुम्हीच लिहा’ म्हणून मंडळींनी मला अवधपुरीत घरी येऊन धरलं, ते बरोबरच झालं... पण मी लिहितोय त्यात भूत नाही. मेलेलं माणूसच नाही. माझी अडचण तीच आहे.

तर — राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयातले कारकून फायलींसकट भोपाळला आले. त्यांत माझे वडील होते आणि दिनकर कोलतेचेही. टी.टी. नगरच्या नव्या क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी. शाळा एक, पुढे कॉलेज एक, आणि कॉलेजात ऑफिसर व्हायचं जे ट्रेनिंग असे त्यातही दोघांनी बरोबरच नाव घातलं. मी परेडनंतरच्या पुरी-भाजीसाठी! दिनकर मात्र मनापासून. त्याला फौजेत जायचं होतं, दुसरं काहीही व्हायचं नव्हतं. बूट घासायला बसला की त्याची आई जेवायला हाका मारून थकायची.

त्याची एकच खोट. गिनतीत पुढच्या ओळीत तो सहावा, आणि घाईत त्याच्या तोंडून ‘छह’ऐवजी ‘सहा’ निघे. एक, दो, तीन, चार, पाँच — सहा! हिंदीत ‘सहा’ म्हणजे सोसलं. आमचे हवालदार, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, ते कमरेवर हात ठेवून विचारायचे, “क्या सहा बे, नागपुर के संतरे? अभी तो तूने कुछ सहा ही नहीं!” मग रायफल डोक्यावर धरून ग्राउंडला चक्कर. दिनकर हसत हसत पळे, आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘सहा’.

महाराष्ट्र झाला आणि त्याच्या वडिलांनी खटपट करून नागपुरात परत नोकरी मिळवली. दिनकर इथेच राहतो म्हणाला, आमच्या घरी राहतो म्हणाला, जेवण सोडून बसला. वडील बधले नाहीत. “फौजबिज पुरे. तिकडे कचेरीत तुझ्यासाठी शब्द टाकलाय.” गाडी सुटताना खिडकीतून तो मला एवढंच म्हणाला, “माझी जागा ठेव रे.” मी ‘हो’ म्हणालो. स्टेशनवर माणूस हो म्हणतोच.

इथे ड्रिलची एक पद्धत सांगायला हवी. तीन ओळींत एक माणूस कमी पडला तर रिकामी जागा टोकाला सोडत नाहीत. एकामागे एक उभ्या तिघांच्या रांगा मोजल्या तर डावीकडून दुसऱ्या रांगेत, मधल्या ओळीत सोडतात. तिला ब्लँक फाइल म्हणतात. दिनकर गेल्यावर त्याच्या मागचा तिवारी पुढे सरकला आणि तिवारीच्या पाठीशी ती जागा मोकळी राहिली. चालताना, वळताना तिथे माणूस आहे असंच धरून चालायचं. आम्ही तसेच चालत होतो.

भोगीचा दिवस होता. मेजर साहेब अंडर ऑफिसर, म्हणजे आम्हा पोरांचा म्होरक्या, निवडणार होते, आणि ज्याला निवडतील त्याचंच नाव पुढे सिलेक्शन बोर्डाकडे जाणार होतं. एव्हाना पुरी-भाजी मागे पडली होती... मलाही आता ते हवं होतं, फार हवं होतं. सकाळची थंडी, लख्ख ऊन. परेड माझ्या हुकमात. मी छाती भरून ओरडलो, “दाहिने से गिनती कर!”

एक. दो. तीन. चार. पाँच.

“सहा!”

तिवारीचं तोंड उघडलं होतं, पण आवाज त्याच्या मागून आला. मोकळ्या जागेतून. सवयीनं तिवारी ‘सात’ म्हणाला, त्याच्या पलीकडचा ‘आठ’. ओळीत माणसं सातच होती. आणि सगळ्या परेडमध्ये मराठी मी एकटा.

पायाला फोड आला म्हणून रिझवी नावाचा एक भोपाळी कॅडेट लिंबाखाली बसला होता. तो मोठ्यानं म्हणाला, “को खाँ, ये कौन बोल रिया है?”

“किसने बोला?” मेजर साहेब तडकले. “मज़ाक चल रहा है? ब्लैंक फाइल भरो। उस बैठे हुए को बुलाओ, और फिर से गिनती!”

तो आवाज मी ओळखला होता. पण साहेब माझ्याकडेच बघत होते. “रिझवी! ब्लैंक फाइल में आ जा!”

रिझवी लंगडत आला. त्या जागेत शिरताना आधी जरासा तिरका झाला, गर्दीत माणूस होतो तसा... मग सरळ उभा राहिला. मी पुन्हा हुकूम दिला. या वेळी तिवारी “छह!” असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. पुढे सात. चोख.

अंडर ऑफिसर मीच झालो. आनंद व्हायला हवा होता, पण मला एका जागी उभं राहवेना. परेड सुटल्यावर उस्ताद जवळ आले. त्या दिवशी त्यांनी कुणाची फिरकी घेतली नव्हती. हळूच म्हणाले, “कोलते भोपाल आया है क्या?”

“नहीं, उस्ताद।”

ते नुसतं “हूँ” म्हणाले आणि गेले. घरी आईनं भोगीची भाजी वाढली, पण मी अर्ध्या पानावरून उठलो.

उन्हाळ्यात एका लग्नासाठी नागपूरला गेलो, तेव्हा दिनकरच्या घरी डोकावलो. तो कचेरीतून यायचा होता. परेडवरची ती गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, हे इथे शपथेवर लिहितो. त्याच्या आईनं, आमच्या काकूंनी, पाणी दिलं आणि त्या आपणहून बोलायला लागल्या.

“तू मोठा झाला तिकडे, बरं झालं बाबू. आमच्या दिनूनं मात्र भोगीच्या दिवशी घाबरवलं ना बाप्पा! मी तीळ लावून भाकऱ्या करून राहिली होती. हा पाटावर. एकदम ताडकन उठला, हात मांड्यांशी ताठ, अन् ओरडला — सहा! माझ्या हातची भाकरी पडली.”

“मग?” मी विचारलं.

“मग बसला. थोड्या वेळानं पुन्हा उठला. तोंड उघडलं... पण आवाजच निघेना. अन् कुणी ढकलल्यासारखा भिंतीकडे सरकला. मग रडला रे. एवढा मोठा पोरगा, पानावर बसून रडला. त्या दिवसापासून फौजेचं नाव नाही काढलं त्यानं.”

तेवढ्यात दिनकर आला. वाळला होता. मला मिठी मारली, इकडतिकडचं विचारलं, मग म्हणाला, “सहावा कोण आता?”

“तिवारी.”

“छह म्हणतो ना नीट?”

“म्हणतो.”

“बरं,” म्हणाला आणि चपला काढायला वळला.

मी त्याला काही सांगितलं नाही, पुढेही कधी नाही. कुणी म्हणतं आवाज घुमला असेल, कुणी म्हणतं तिवारीनं चेष्टा केली असेल. असेलही. मग काकूंच्या हातची भाकरी का पडली? नोकरीत किती परेड घेतल्या, पण ‘पाँच’ झालं की दर वेळी माझी नजर मधल्या ओळीकडे जायची. दर वेळी कुणीतरी नीट ‘छह’ म्हणायचं.

उस्ताद विचारायचे, क्या सहा? ते मला काकूंच्या बोलण्यातून कळलं. जागा ठेव म्हणाला होता तो... आणि ती भरायचा हुकूम माझ्याच आवाजात गेला होता.