मनिलाची भानगड

मनिला हे एका शहराचं नाव आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या सासुरवाडीत, म्हणजे म्हसवडला, ते अजून सगळ्यांना पटलेलं नाही.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझा हळदीचा व्यापार. घराच्या पुढच्या खोलीतच ऑफिस, आणि ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. ('होता' लिहितानाही मला भरून येतं!) मुलगी श्रुती शाळेत असताना घेतलेला. ती शिकली, पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत लागली, पण हा पठ्ठ्या आहे तिथंच, आहे तसाच. सुरू व्हायला जरा वेळ घ्यायचा, हे मान्य. मी बटण दाबून आंघोळीला जायचो, मंदिरात दर्शन घेऊन यायचो, तोवर तोही जागा झालेला असायचा. आमचं जमलं होतं!

श्रुती घरी आली की तिची कटकट सुरू.

"पप्पा, या सिस्टीमचा सपोर्ट कंपनीनं कधीच बंद केलाय. हिला आता अपडेट येत नाहीत."

"मग चांगलंच की! मध्येच 'थांबा, अपडेट चालू आहे' म्हणून गिरक्या घेत बसायचं तरी थांबलं."

"अहो पप्पा, चोरांनी नवी युक्ती काढली की कंपनी आपल्याला नवी कडी बसवून देते. ते बंद झालंय. म्हणजे तुमचं दार सताड उघडं आहे!"

"कंपनीचा सपोर्ट नाही म्हणून काय झालं? तुझ्या आईचा तरी मला कुठं आहे? चाललंय की माझं!"

(स्वयंपाकघरातून पातेलं आपटल्याचा आवाज आला. माझा मुद्दा सिद्ध झाला.)

श्रुतीनं शेवटी हात टेकले. "निदान मोबाईलचे मेसेज तरी त्याच्यावर उघडू नका," म्हणाली. पण मला मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. मी सगळे मेसेज त्या मोठ्या पडद्यावर रुबाबात उघडे ठेवायचो.

आणि एका संध्याकाळी पडदा लालभडक झाला. 'तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे! मोफत संरक्षणासाठी येथे दाबा.' मोफत म्हटल्यावर व्यापारी माणसाचा हात थांबतो का? दाबलं. काही झालं नाही म्हणून परत दाबलं. संरक्षण जरा घट्ट बसू दे म्हटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून मी खंडाळ्याला निघालो. (लोणावळ्याजवळच्या नव्हे! सातारा जिल्ह्यातल्या, तालुक्याच्या खंडाळ्याला. हा खुलासा तेव्हाच सगळ्यांना करून ठेवला असता तर पुढचं निम्मं टळलं असतं.) तिथल्या एका मसाल्याच्या कारखान्यात हळदीचे नमुने दाखवायचे होते. कराड मागं टाकल्यावर खिसा चाचपला, तर मोबाईल घरीच! स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. म्हटलं, एक दिवस फोन नसला तर काय आभाळ कोसळतंय?

आभाळ तासाभरात कोसळलं. मी दिवसभर कारखान्यात हळद हुंगत होतो आणि इकडं माझ्या उघड्या दारातून आत शिरलेल्या कुणीतरी माझ्या नावानं झाडून सगळ्यांना मेसेज धाडला:

'प्रिय, मी मनिला मध्ये वाईट अडकलो आहे. माझी बॅग गेली. हॉटेल मला सोडत नाही आहे. तातडीने मदत पाठवा. कृपया माझ्या पत्नीला सांगू नका, ती काळजी करेल.'

हे मराठी कुठल्या यंत्रानं पाडलं होतं कोण जाणे! पण आमच्या लोकांनी त्यातलं नेमकं तेवढंच वाचलं: मनिला, हॉटेल, आणि पत्नीला सांगू नका. मेसेज हळदीच्या दलालांना गेला, गॅसवाल्याला गेला, दातांच्या डॉक्टरांना गेला, मंदिराच्या विश्वस्तांना गेला. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. माझ्या पत्नीलाही!

तेवढ्यात घरी माझा फोन वाजला. माझ्या बायकोनं, सुनंदानं, उचलला.

"दाजी," पलीकडून माझा मेव्हणा महावीर कुजबुजला, "ताईला मी काय बी कळू दिलं न्हाई. पर खरं सांगा, ही मनिला कोन?"

"ताईच बोलतीया," सुनंदा म्हणाली.

मग महावीर घसा खाकरून म्हणाला, "ताई, दाजी कुटं हायत?"

"खंडाळ्याला गेल्यात."

"खंडाळ्याला?" मागून सासूबाईंचा आवाज आला. "आगं बया! तिकडं तर नवीन लग्न झालेली जात्यात!"

सुनंदा यावर एक शब्द बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं ऐकून म्हसवडहून जीप निघाली.

संध्याकाळी मी साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन खुशीत परतलो, कारण नमुने पसंत पडले होते. बघतो तर दारात चपलांचा ढीग! धावत आत गेलो. "काय झालं? कोण गेलं?"

"तुमीच गेला हुता की!" सासूबाई कडाडल्या. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या खोक्यावर गेली. "आन् पेढे बी आणल्यात! म्हंजी सगळं उरकूनच आला व्हय?" त्यांनी पदर डोळ्याला लावला.

सुनंदा कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली. तिचे खांदे हलत होते. तिला रडताना बघून माझ्या काळजाचं पाणी झालं. काय झालंय तेच मला कळेना! महावीरनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी मेसेज वाचला आणि मलाच माझा राग आला.

"हा मी नाही पाठवला!"

"तुमचंच नाव हाय की वर. फोटू बी तुमचाच!"

इतक्यात शेजारचे कांबळे सर आत आले. भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. मेसेज त्यांनाही पोचला होता.

"थांबा! गैरसमज होतोय. मनिला ही कुणी बाई नाही. ती फिलिपिन्स या देशाची राजधानी आहे."

मला वाटलं, सुटलो. महावीरनं क्षणभर विचार केला.

"म्हंजी परदेशात ठेवलीया?"

"अरे, तसं नव्हे..."

"सर, ह्यांनी पासपोर्ट काढलाय! मला ठावं हाय!"

(पासपोर्ट श्रुतीनं जबरदस्तीनं काढायला लावला होता. त्याच्यावर शिक्का तर सोडाच, बोटाचा डागही नव्हता.) तो कपाटातून मागवण्यात आला. कांबळे सरांनी चष्मा पुसून पान न् पान तपासलं आणि कोरा असल्याचा निर्वाळा दिला. मग तो सासूबाईंकडं गेला. त्यातला माझा फोटो बघून त्यांचा संशय निम्मा उतरल्याचं मला स्पष्ट दिसलं.

"कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये शिरून हे केलंय," मी हात जोडून म्हणालो.

"कोन शिरतंय त्या डबड्यात?" महावीर म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याच्या हातातला मोबाईल वाजला. मी समोर, दोन्ही हात जोडलेले, आणि माझाच नवा मेसेज: 'प्रिय, मी अजून मनिला मध्ये आहे. येथे मला मारहाण होत आहे.'

महावीरनं मेसेजकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दाजी! तुमी तर हितं हायसा!"

"तेच तर मघापासून सांगतोय!"

"आन् मारहान?"

"ती अजून झाली न्हाई," सासूबाई म्हणाल्या. ('अजून' या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला.)

मग महावीरला सगळं एकदम उमगलं. "ताईचा संसार मोडतो व्हय रं?" असं ओरडत तो ऑफिसात घुसला आणि त्यानं कॉम्प्युटरची वायर खस्सकन ओढली. वायर आली. सोबत भिंतीतलं सॉकेट आलं. सॉकेटसोबत मूठभर प्लास्टर आलं आणि घरभर अंधार झाला!

अंधारातच श्रुतीला फोन लावला.

"पप्पा, खरं सांगा. काही दाबलं होतं?"

"मोफत होतं गं..."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग ती सांगत गेली तसं मी मोबाईलवर करत गेलो. कॉम्प्युटरशी असलेली जोडणी तोडली, पासवर्ड बदलले. "आणि आता प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगा, की तो मेसेज खोटा आहे. नाहीतर कुणीतरी बिचारा खरंच फसेल," असं बजावलं.

ते सगळ्यात अवघड गेलं. कराडचे दलाल म्हणाले, "शेठ, काळजी करू नका, आपल्या दोघांतच राहील." गॅसवाला म्हणाला, "नवीन कनेक्शन लागलं तर सांगा." दातांच्या डॉक्टरांनी नुसतंच अभिनंदन केलं! मदत पाठवावी असं मात्र एकाच्याही मनात आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात श्रुतीनं नवा कॉम्प्युटर आणून बसवला. जुना भंगारवाल्याकडं गेला, आणि मी त्याला निरोप द्यायला फाटकापर्यंतही गेलो नाही.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप म्हसवडला परत गेली. सुनंदा चहा टाकत होती. मी धीर करून विचारलं, "खरं सांग, तुला वाटलं होतं का, की मी असलं काही...?"

"छ्या! मेसेज वाचला तवाच हसाय लागले मी. तुमी आलासा तवा तर तोंडात पदर कोंबून बसले हुते."

"हसत होतीस? मग महावीरला फोनवरच का नाही सांगितलंस?"

"आवं, आई दिवाळीपासनं आली न्हवती. म्हटलं, ह्या निमित्तानं तरी येऊ दे."

माझी छाती फुगली. "सुनंदा! एवढा विश्वास आहे तुझा माझ्यावर?"

"इश्वास हाय की," ती माझ्यापुढं चहाचा कप ठेवत शांतपणे म्हणाली, "पर तुमच्यावर न्हवं, बायकांवर. एवढी आंधळी कोन असंल?"

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि बुडालं. खरं सांगतो, त्यापेक्षा तिनं संशय घेतलेला परवडला असता!