बटणांची पट्टी

नामा गेल्याचा फोन गावाहून आला तेव्हा माझा नातू शर्टाच्या बटणाशी झगडत होता आणि मी, स्वभावाविरुद्ध, गप्प बसून बघत होते. नामा माझा धाकटा भाऊ. जन्मभर बिनबटणाचा सदरा घातला त्यानं... आम्ही त्याला आळस समजत होतो.

कळंबजवळच्या आमच्या गावात दुष्काळाच्या साली टँकर यायचा. घरी येईतो जी घागर अर्धी व्हायची, ती नामाची. आईनं तुळजापूरला नवस केला, त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला. मी नुसती तोंडानं झोडपायची. पुढं गावात दूध सोसायटी निघाली. एका सकाळी तिच्या दारातच तो अडखळला आणि घरचं सगळं दूध मातीत गेलं. रांगेसमोर मी ओरडले, "ह्याच्या हाताला हाडं हायती का न्हाय?" लोक लई हसले. त्यानंतर नामानं चारचौघांत कशाला हात लावला नाही. शाळाही सोडली. तोंडी हिशेबात माझ्या पुढं असणारा पोरगा, पण त्याची अक्षरं गुरुजींना लागायची नाहीत.

गेल्या वर्षी नातवाचंही तेच दिसू लागलं. त्याच्या बाईंनी रागावण्याऐवजी सोलापूरला तपासून घ्या म्हटलं. तिथल्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. बुद्धी चांगली असते, हालचालींची जुळणी तेवढी अवघड जाते. काम तुकड्यातुकड्यानं शिकवा, हसू नका. सरावाला मोठ्या बटणांची कापडी पट्टी दिली. मोठ्या माणसांनाही मदत होते, असंही त्या म्हणाल्या.

नामा तेव्हा आमच्याकडं आला होता. सगळं ऐकून हळूच म्हणाला, "अक्का, मंग म्या मुद्दाम सांडत नव्हतो की."

"न्हाय रे."

"मलाबी न्हेशील का त्या बाईकडं?"

मी हसले. "आता ह्या वयात बटणं लावून कुठं मिरवायचंय तुला?"

तोही हसला, आणि दुसऱ्या दिवशी गावी परतला. लहानपणीचं अज्ञान होतं म्हणून सुटता येईल. पण हे मी सगळं कळल्यावर बोलले. याची लाज माझी मलाच पुरून उरली आहे.

तो गावी परतला त्या दिवसापासून पट्टी सापडेना, म्हणून मी नातवाला रागावले होते. तेराव्यानंतर गावी नामाची खोली आवरताना ती त्याच्या उशीखाली निघाली. सगळी बटणं लावलेली, एक काज तेवढं चुकलेलं... ते नीट करायला माझा हात पुढं गेला, आणि तसाच मागं आला.